डोंगरासाठी जपून ठेवलेला बूट

मी एक जुना बूट आहे. मला बघून हे कुणाला पटणार नाही, कारण माझ्या आयुष्याची पहिली नऊ वर्षं मी जमिनीला जेमतेम टेकलो. मी उजव्या पायाचा. माझा जोडीदार डावा, तो स्वभावाने अबोल, म्हणून दोघांची हकिकत मलाच सांगावी लागते. मला बोलायची हौस आहे, आणि चौकशा करायची त्याहून जास्त.

मित्रांनो, मी एका मोठ्या कारखान्यात तयार झालो. जाड चामडं शिवून माझा घोटा उंच केला. खाली खाचांचा रबरी तळवा बसवला आणि दगडाचा धक्का पायाला लागू नये म्हणून चामडं आणि रबर यांच्यामध्ये फेसासारखा एक मऊ थर भरला. पुढे घात केला तो याच थराने.

दुकानात मला घ्यायला दोन बहिणी आल्या. थोरली चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. तिला मी ताईच म्हणतो. धाकटी घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचायची. दोघींच्या पायांचं माप एकच. जंगलातून डोंगरावर जाणारी पाच दिवसांची वाट पायी चालायची, असं त्यांनी ठरवलं होतं. दोघींनी एकसारखे जोड घेतले. ताईने मला घालून दुकानातल्या उतरत्या फळीवर चालून पाहिलं, बोटं पुढे आपटत नाहीत ना, टाच वर सरकत नाही ना, सगळं तपासलं. मला वाटलं, उद्याच निघणार आपण!

कसलं काय! त्या वर्षी ताईच्या दुकानातली दोन माणसं एकदम काम सोडून गेली. पुढच्या वर्षी तिचा गुडघा दुखायला लागला. त्याच्या पुढच्या वर्षी भाचीचं लग्न निघालं. मी कपाटाच्या वरच्या फळीवर, पातळ कागदात गुंडाळलेला, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून खोक्यात बंद. दर दोन महिन्यांनी ताई मला उतरवायची, मऊ फडक्याने पुसायची, "किती गं देखणे राहिलेत!" म्हणायची आणि परत वर ठेवायची. खोटं कशाला बोलू, मला ते कौतुक आवडायचं. पण पोटात प्रश्नांची नुसती गर्दी. चढ चढताना कसं वाटतं? ओला दगड जास्त घसरतो की सुटी वाळू? विचारणार कुणाला? डावा तर हूं की चूं करत नसे.

धाकटीने मात्र आपला जोड दुसऱ्याच आठवड्यात कामावर घातला. ताई तिच्यावर उखडायची, "अगं, डोंगरासाठी घेतलेत ना ते? गल्लीबोळांत कसले झिजवतेस!"

"आणि तू काय, पूजा करतेस त्यांची?" धाकटी म्हणायची आणि दण दण पाय आपटत कामाला निघून जायची.

अशी नऊ वर्षं गेली. मग एक दिवस खोक्याचं झाकण निघालं ते पुन्हा लागलंच नाही. त्या वाटेवर लोकांना नेणारा वाटाड्या साठी गाठलेल्या माणसाला बरोबर घेत नसे आणि ताई होती एकोणसाठ वर्षांची. यंदा गेलं नाही तर संपलंच सगळं. धाकटीने न विचारताच दोघींची नावं देऊन टाकली होती.

मग काय विचारता! खोलीभर चादर पसरून तिच्यावर सामान मांडलं गेलं. मला तर दोन डोळे अपुरे पडले, आणि ते तरी नाडीच्या भोकांचे. गुंडाळली की कलिंगडाएवढी होणारी झोपायची पिशवी, कपाळावर बांधायचा दिवा, शिट्टी, पाणी गाळायची नळी, मुठीत मावणारा स्टोव्ह. शिट्टी कशाला, कोण ऐकणार तिथे? मी कान टवकारून होतो. धाकटीने सांगितलं, धुक्यात चुकामूक झाली तर ओरडून घसा बसतो, शिट्टी तशीच वाजत राहते. वा, हे मला आवडलं.

वाटाड्याने बजावलं होतं, पाठीवरची सॅक दहा किलोच्या वर नको. ताईने भरलेली सॅक धाकटीने काट्याला अडकवली. साडेचौदा किलो!

"ताई, ही घडीची खुर्ची कशाला?"

"अगं, बसायला."

"आणि दगड काय उभं राहायला असतात? तीन स्वेटर, दोन छत्र्या... बाई गं, इस्त्री तेवढी राहिली!"

हसून हसून दोघींची पुरेवाट झाली. खुर्ची गेली, दोन्ही छत्र्या जाऊन एक रेनकोट आला, तीन स्वेटरांचा एक झाला. साबणाची वडी अर्धी कापली गेली. काटा साडेनऊवर आला तेव्हा ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तेवढ्यात वाटाड्याचा फोन आला. तो प्रत्येकाला एकच प्रश्न खोदून खोदून विचारायचा. "ताई, बूट चांगले चालवलेत ना? दुसऱ्या दिवसानंतर तिथे रस्ता नाही, गाडी नाही. बुटाने दगा दिला तर तुमच्याबरोबर सगळेच अडकतील."

"नऊ वर्षं झाली माझ्या बुटांना," ताई म्हणाली.

आता हे खरं होतं, आणि खरं नव्हतंही. मी गप्प बसलो, म्हणजे बसावंच लागलं. त्यानंतर ताईने मला रोज घातलं, पण घरातल्या घरात, सतरंजीवर. स्वयंपाकघर ते बाल्कनी, शंभर फेऱ्या. आठव्या दिवशी माझ्या टाचेच्या आत काहीतरी कुरकुरलं. हे काय बरं? मऊ थर मऊ राहिलाच नव्हता. चाललं की तो दाबला जातो, सुटतो, जिवंत राहतो. मला बंद पिशवीत नऊ वर्षं ठेवलं आणि आत कोंडलेल्या दमटपणाने तो शिळ्या बिस्किटासारखा भुसभुशीत करून टाकला. वरून मी आरशासारखा चकचकीत!

निघायला चार दिवस उरले असताना धाकटीने ताईला भरल्या सॅकसकट पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर नेलं. तीनशे पायऱ्या. चढताना मी आनंदाने वेडा झालो होतो. पायरीची कड अशी असते होय! उतरताना चाळिसाव्या पायरीवर माझा तळवा टाचेपासून सुटला आणि फटाफट आपटायला लागला. पाच पायऱ्यांनंतर डाव्याचाही. मागे पायऱ्यांवर काळा भुगा सांडत गेला.

ताई मटकन खाली बसली. मला मांडीवर घेऊन तिने बोट लावलं, तर थर पिठासारखा गळाला. "इतकं जपलं गं मी यांना," ती म्हणाली आणि रडायला लागली.

धाकटीला राग आला होता. "बूट जपलेस की भीती जपलीस?"

ताईने बोटांना लागलेला भुगा झटकला. मग म्हणाली, "भीतीच. बूट कोरे असले की अजून जायचंय असं म्हणता येतं. घालायला लागले असते तर निघावं लागलं असतं. मला वाटायचं, मला झेपणार नाही."

नऊ वर्षं मी तिच्या घरात होतो, पण हे मला पहिल्यांदाच कळलं. त्या क्षणी मला तिचा राग आला नाही.

बूट दुरुस्त करणाऱ्या काकांनी आम्हाला उलटंपालटं करून पाहिलं. "चामडं झकास आहे. पण बसून बसून मेलेत हे, बाई. नवा तळवा लावून देतो, आठ दिवस लागतील." नवे बूट घेऊन चार दिवसांत डोंगर चढायचा तर पायांना फोड ठरलेले. धाकटी वाकली, तिने आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि ते ताईपुढे सरकवले. रंग उडालेला, टोकं खरवडलेली, पण दोनदा बदललेला तळवा घट्ट. "मला कामावरून मिळालेले बूट आहेत, वर्षभर चालवलेले. तू हे घाल. पण आधी वाटाड्याला फोन कर."

ताईने तिथूनच फोन लावला. "दादा, मी तुम्हाला फसवलं. माझे बूट नऊ वर्षं कपाटात होते. आज फुटले." मग बहिणीच्या बुटांचं सांगितलं.

"तिथे वर फुटले असते तर?" तो म्हणाला. "आता चार दिवस ते बूट पायातून काढू नका. कामाला जा, बाजारात जा. निघायच्या सकाळी मी तळपाय बघणार. एक जरी फोड दिसला तरी तुम्ही घरी."

दोघी गेल्या आणि मी काकांच्या फळीवर राहिलो. सगळे दिवस माझा जीव टांगणीला. गेली असेल का ताई? काकांनी माझा सगळा भुगा खरवडून काढला, नवा थर लावला, नवा तळवा चिकटवून शिवला. दुखलं बरं का. पण त्याहून जास्त टोचत होतं ते न कळणं.

दहाव्या दिवशी दुपारी दार उघडलं. नाक उन्हाने सोललेलं, पाठीवर धुळीने माखलेली सॅक, घरी न जाता सरळ इथेच आलेली. "काका, बूट झाले?" आवाज ताईचा, पण असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. स्टुलावर बसून तिने बहिणीचे बूट काढले. मी टाचा बघितल्या, बोटं बघितली. एकही फोड नव्हता! मग तिने आम्हाला पायात चढवलं, नाड्या ओढल्या आणि रस्त्यावर आली. पूर्वी माझ्यावरून तिची नजर हलत नसे. त्या दिवशी तिने खाली एकदाही पाहिलं नाही. ती समोर बघत भराभर चालत होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटाच्या वर कुणीतरी चांगल्या दिवसाची वाट बघत बसलं असेल. त्याला पुसू नका, त्याचं कौतुक करू नका. त्याला कामाला लावा. झिजलो तर आम्हाला दुरुस्त करता येतं हो, पण गेलेली नऊ वर्षं कोणते काका शिवून देणार? आता माझ्या टोकावर तीन ओरखडे आहेत. तिन्हींची गोष्ट सांगितली असती, पण ताई दारात उभी आहे आणि मला निघायला हवं.