झाकलेलं बोट

...वरून तिसरं बटण. पहिली दोन कशीबशी लागली होती, पण हे तिसरं काजापर्यंत यायचं आणि उजव्या अनामिकेच्या वाकड्या पेराला अडून निसटायचं – छोटंसं, पांढरं, चार भोकांचं, आणि बेचाळीस कसोट्या यष्ट्यांमागे वाकून काढलेल्या माणसाला पुरून उरणारं.

"द्या इकडे," बायको म्हणाली आणि समोर येऊन उभी राहिली.

सव्वीस वर्षं रोज सकाळी ती अशीच समोर येऊन उभी राहत होती. एरवी हा वेळ बरा जायचा. आज मात्र दहा वाजता निवड समितीची बैठक होती, तो तिचा सभासद, परदेश दौऱ्याची पंधरा नावं ठरायची होती, त्यातल्या चौदांबद्दल त्याला काडीची चिंता नव्हती, आणि पंधरावं काल दुपारपासून घशात अडकून बसलं होतं.

"फावड्याचं बोट मोडलंय," तो एकदम म्हणाला.

फावड्या म्हणजे सध्याचा यष्टिरक्षक. पंजे एवढे मोठे, की संघात आल्या दिवशीच कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. काल फावड्याच्या सरावाच्या वेळी तो जाळीमागे उभा राहून पाहत होता. फावड्या प्रत्येक चेंडू डाव्या ग्लव्हमध्ये मुरवत होता, उजवा नुसता सोबतीला. टाळी द्यायला डावा हात पुढे. पाण्याची बाटली डाव्या हातात, झाकण दातांनी... प्रशिक्षकाला दिसलं नाही, डॉक्टरला दिसलं नाही. मला दिसलं, कारण हे सगळं मी केलं होतं, अगदी याच क्रमाने, झाकणासकट.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत दोघंच उरले, तेव्हा फावड्याने त्याच्याकडे पाहिलं आणि ओळखलं, की यांना कळलंय.

"सर, चौतिसावं चालू आहे. एकदा बाहेर बसलो की परत कोण घेतं?"

 त्याने नुसता फावड्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि फावड्याच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो पाहून त्याच्या लक्षात आलं, की आपण नकळत शब्द देऊन बसलोय.

"मग सांगणार का समितीला?" बायकोने विचारलं. ती चौथ्या बटणापाशी पोचली होती.

"चुगली करू? त्याने केली तशी?"

तो म्हणजे पहिल्या स्लिपमधला मित्र. नऊ वर्षं दोघं हातभर अंतरावर उभे राहिले होते, आणि सव्वीस वर्षांपूर्वी माझं बोट मोडलं ती गोष्ट दोघांनाच ठाऊक होती – मित्राला आणि हिला. तिसऱ्या सामन्यात उजवीकडचा सोपा झेल सुटला, बारावर जीवदान मिळालेल्या फलंदाजाने दीडशे ठोकल्या, आणि चार दिवसांनी निवड समितीचे तेव्हाचे अध्यक्ष फोनवर एवढंच म्हणाले, आधी हाताचा एक्स-रे काढून आण. ते अचूक हाताबद्दलच बोलले, म्हणजे कुणीतरी सांगितलं होतं; ही सांगणार नाही, म्हणजे त्यानेच. मग कारकीर्द संपली ती संपलीच. मित्राशी बोलणं तुटलं. रस्त्यात तो दिसला तर मी पलीकडच्या बाजूने जायचो, आणि गेल्या वर्षी मित्र वारला तेव्हाही मी घरातून हललो नाही, ही एकटी जाऊन आली...

तिचे हात थांबले होते. चौथं बटण अर्धं काजात, अर्धं बाहेर.

"त्याने नव्हतं सांगितलं," ती बटणाकडे बघतच म्हणाली. "मी सांगितलं होतं."

"काय?"

"झोपेत कण्हायचात तुम्ही. हात उशीखाली घालून. मी फोन केला, अध्यक्षांना. वाटलं, दोन महिने विश्रांती देतील... कायमचं काढतील असं नव्हतं वाटलं हो."

"आणि हे आज सांगतेस?"

"रोज सांगणार होते." तिने बटण लावलं, कॉलर सारखी केली. "रोज, इथेच उभी राहून."

तो चहा न पिताच बाहेर पडला. गाडी चालवताना राग कुठे ठेवावा ते कळेना. इतकी वर्षं तो एका माणसाच्या नावावर नीट रचून ठेवलेला होता, आणि आता तो माणूसही नाही, नावही चुकीचं. तिच्यावर काढावा तर डोळ्यांपुढे येत होती फोनची तबकडी फिरवणारी एक तरुण बाई, एका हाताने पदर तोंडाशी धरलेली. चौकात दिवा हिरवा झाला तरी तो थांबलेलाच. मागच्याने भोंगा वाजवला.

बैठकीची खोली थंडगार होती. अध्यक्ष यादी वाचत होते, शेजारी बसलेला जुना वेगवान गोलंदाज टेबलाखाली गुडघे चोळत होता. सलामीवीर झाले, मधली फळी झाली.

"यष्टिरक्षक, नेहमीचाच," अध्यक्ष म्हणाले. "इथे काही बोलायचं नाहीच. पुढे जाऊ."

कागद उलटला. आता नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं म्हणजे काही करणं नव्हे... आणि परक्या मैदानावर, पहिल्याच सकाळी, उजवीकडे उडालेला झेल...

"थांबा," तो म्हणाला.  "आधी त्याच्या उजव्या हाताचा एक्स-रे काढून घ्या."

वाक्य बाहेर पडल्यावर त्याला ते कुणाचं होतं ते आठवलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी पाहिलं. माझं नाव घालून लिहा तसं."

गुडघे चोळणारा हात थांबला. 

दुपारी तीनला अहवाल आला. दोन ठिकाणी चीर. नाव खोडलं गेलं. फावड्याचा फोन आला तेव्हा तो समितीच्या इमारतीचा जिना उतरत होता.

"तुम्हीच ना, सर?"

"हो."

 तो कठड्याला धरून उभा राहिला, येणाऱ्या शिवीची वाट पाहत.

"तीन आठवडे ब्रश धरता येत नव्हता, सर," फावड्या म्हणाला. मग हसल्यासारखा, किंवा रडल्यासारखा, एक आवाज आला. "आत्ता प्लास्टर घातलं. आत्ता हात खाली ठेवला... शिव्या घालायच्यात तुम्हाला. उद्या घालीन. आज झोपतो."

फोन बंद झाला.

झोपतो... आणि कुठून तरी, इतक्या वर्षांच्या तळातून, ती दुपार वर आली. त्याचं स्वतःचं प्लास्टर, पडदे ओढलेली खोली, आणि संघातून नाव गेल्याचं कळल्यावर तासाभरात लागलेली झोप – गाढ, निर्लज्ज, दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर येईपर्यंतची. जागा झालो तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं होतं? राग नव्हता. राग मागाहून आला होता, संध्याकाळी, लोक भेटायला येऊ लागले तेव्हा. त्याआधी, काही तास, मला बरं वाटलं होतं. सुटलो, असं वाटलं होतं.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मित्राला तर आता सांगताच येणार नव्हतं. बायकोला अजून सांगता येत होतं... खाली गाडी उभी होती, घर वीस मिनिटांवर होतं, आणि त्याला भीती वाटत होती. मोडलेलं बोट झाकताना वाटायची तशी नव्हे, तर कुणीतरी हात हातात घेऊन म्हणतंय, उघडा बघू, आणि आपणच मूठ आवळून बसलोय, अशी.

तो आणखी एक पायरी उतरला.