मोठ्या अक्षरातली वत्सला

हेतलने नव्या ई-रीडरच्या पडद्यावर बोट दाबलं आणि अक्षरं मोठी झाली. आग्नेसने मान हलवली. हेतलने पुन्हा दाबलं. अक्षरं आणखी फुगली, तरी सासूची मान नकारातच हलत राहिली. शेवटी पडद्यावर जेमतेम सहा ओळी उरल्या आणि हलणारी मान मधेच थांबली.

"वत्सला," आग्नेस म्हणाली. मग कुणी ते हातातून काढून घेईल अशा घाईने तिने पुढचं वाचलं. "वत्सला उंबरठ्यावर उभी होती. हेतल, ही वत्सला आहे."

"तीच कादंबरी आहे मम्मी. तुमची, रंभाबाईंच्या ओट्यावर वाचता ती. शोधून डाउनलोड केली. ते जुनं पुस्तक मी वाचनालयात परत करून टाकलं, किती महिने झाले होते."

आरामखुर्चीत फ्रान्सिस बसला होता. उभा जन्म त्याने गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांना पुठ्ठे घातले होते, त्यामुळे या वस्तूबद्दल त्याचं मत ती खोक्यातून बाहेर येण्याआधीच तयार होतं.

"म्हातारपणी हातात पाटी आली म्हणायची," तो म्हणाला. "हिला वास नाय, पान दुमडता येत नाय. चार्जिंग संपलं की कथा संपली. पुस्तकाला कधी चार्जिंग केलेलं पायलंय कोनी?"

"पप्पा, एकदा चार्ज केलं की महिनाभर बघायला नको. आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात अक्षरं मोठी करून दाखवा."

यावर फ्रान्सिसने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. आग्नेसला दोघांचंही ऐकू येत नव्हतं. ती वाचत होती, एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर, आणि वर्षभरात पहिल्यांदाच वाक्याच्या शेवटी खरोखर पूर्णविराम येत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिने ते पुसलंही नाही, कारण पुसायचं तर पाटी खाली ठेवावी लागली असती.

पापडी गावात मोगऱ्याचा हंगाम आला की दुपारची जेवणं आटोपून बाया रंभाबाईच्या ओट्यावर जमत. मधोमध ओल्या फडक्यावर कळ्यांचा ढीग, भोवती सुई-दोरा घेऊन बायकांचं रिंगण आणि खांबाला टेकून आग्नेस. बाकीच्या ओवत, आग्नेस वाची. वाचणारीचे हात कामाचे नसतात, म्हणून उठताना प्रत्येक जण आपल्यातला एक गजरा तिच्या टोपलीत टाकी. त्याला वाचणीचा गजरा म्हणत. मग गजरे बाजारात नेणाऱ्या हरेशचा टेम्पो येई, हॉर्न वाजवी, सगळ्यांच्या टोपल्या जात तशी आग्नेसचीही जाई. मजुरीचं मोठंसं काही नव्हतं. पण खांबाजवळची ती वीतभर जागा आग्नेसला चर्चमधल्या आपल्या बाकापेक्षाही अधिक आपली वाटे.

गेल्या हंगामाच्या मध्यावर तिच्या डोळ्यांत धूर बसला. कडेचं दिसे, नेमकं समोरचं दिसत नसे. रंभाबाईचा अंबाडा दिसे, तोंड दिसत नसे. डॉक्टर म्हणाले, हे वयाचं आहे, चष्म्याने जायचं नाही. सुईत दोरा ओवणं तर केव्हाच सुटलं होतं. आता वाचणंही सुटलं, तर ओट्यावर जायचं ते कशाला? ना ओवायची ना वाचायची. घरात बसून पंख्याकडे बघत राहायचं?

म्हणून दुसऱ्या दिवशी ती गेली, मांडीवर पुस्तक उघडलं आणि मनाने सांगू लागली.

त्या दिवशी ती पान उलटायचंच विसरली. पण खोटं बोल, पण रेटून बोल म्हणतात ते काही उगाच नाही. आठवड्याभरात तिला पान कधी उलटायचं याचा अंदाज आला आणि महिन्याभरात तर चक्क मजा येऊ लागली. पुस्तकातली वत्सला, घाटावरच्या एका गावची, नवऱ्याने दारातून हाकलल्यावर उंबरठ्यावर उभी होती, इथपर्यंत आग्नेसने डोळ्यांनी वाचलं होतं. तिथून पुढे आग्नेसची वत्सला माघारी वळली नाही. ती पायरी उतरली, शेजारच्या गावात जाऊन खडकाळ रान घेतलं, त्यात केळी लावल्या. मग तिला भिकाजी नावाचा एक बिजवर भला माणूस भेटला. त्यांचं लग्न आग्नेसने तीन दिवस लावलं. आदल्या दिवशी बाया वाजतगाजत विहिरीवर गेल्या, घागरी भरून उंबराचं पाणी आणलं, नवरीला न्हाऊ घातलं. ते ऐकताना ओट्यावरच्या सुया थांबल्या होत्या. बाया एकमेकींकडे बघत होत्या. काय गलबलल्यात बिचाऱ्या, असं आग्नेसला वाटलं. त्या दिवशी रंभाबाईने तिच्या टोपलीत एकाऐवजी दोन गजरे टाकले होते.

हा हंगाम आला तरी कादंबरी मारुतीच्या शेपटासारखी लांबतच होती. सध्या वत्सला आणि भिकाजी विहीर खणत होते. खडक लागला होता, पाणी लागत नव्हतं. गेल्या शनिवारी आग्नेसने तिथेच पुस्तक मिटलं आणि सर्दीचं निमित्त होऊन ती आठवडाभर घरात राहिली. त्याच आठवड्यात ही पाटी आली.

सर्दी दोन दिवसांत गेली. पुढचे दिवस आग्नेस वाचत होती. सकाळी चहाचा कप निवायचा. दुपारी फ्रान्सिस जेवायला हाक मारायचा आणि ती बोट वर करून "एवढं पान" म्हणायची. अक्षरं इतकी मोठी की ते पान चार ओळींत संपायचं आणि पुढचं सुरू व्हायचं. पानाचा आकडाही ही पाटी सांगत नसे, इतके टक्के झालं एवढंच खाली लिहून येई. "शाळेचा निकाल लागतोय जसा," फ्रान्सिस कुरकुरला. पण बायकोचा चेहरा बघून त्याने पाटीसाठी खिडकीजवळचं स्टूल सरकवून दिलं.

शुक्रवारी सकाळी आग्नेसने पाटी मांडीवर आपटली.

"मेली," ती म्हणाली.

"चार्जिंग गेलं ना? मी सांगत होतो."

"चार्जिंग कसलं. वत्सला मेली. अर्ध्या पुस्तकात. परत गेली त्याच्या दारात, तापाने फणफणली आनि मेली. पुढचं चाळून आले. निम्मं पुस्तक तो मेला नवरा रडतोय."

फ्रान्सिसने चष्मा काढला. "मग ओट्यावर ती एवढे दिवस काय करत होती?"

आग्नेसने पाटीचं झाकण मिटलं. फ्रान्सिसने थोडा वेळ तिच्याकडे बघितलं, चष्मा पुन्हा चढवला आणि जन्मभर पुस्तकं शिवलेल्या माणसाच्या समजूतदारपणाने तो विषय तिथेच सोडला.

आता आपलं काय होणार ते आग्नेसला स्वच्छ दिसत होतं. खरं वाचावं तर बायांसमोर वत्सलेला मारावं लागणार, आणि वर्षभर आपण थापा मारत होतो हेही उघडं पडणार. मग खांबाजवळ कोण बसू देईल? खोटं वाचावं तर तेही आता जमण्यासारखं नव्हतं. जुन्या पुस्तकातली मुंगीएवढी अक्षरं तिला दिसत नव्हती, पण दुसऱ्या कुणाला तरी कुठे दिसत होती? या पाटीवरची अक्षरं ओट्याच्या पायरीवरून वाचता येतील अशी होती. रंभाबाईची सून शकू बारावी झालेली, आणि ती नेहमी आग्नेसच्या पाठीमागेच बसे. जे वरदान मिळालं होतं तेच गळ्याशी आलं होतं. चार्जिंग संपलं म्हणून सांगावं, हाही विचार तिच्या मनात आला. पण हेतल बसस्टॉपवर शकूला सगळं सांगून बसली होती, महिनाभर चार्ज पुरतो हेसुद्धा.

शनिवारी दुपारी ती पाटी पदराखाली धरून ओट्यावर गेली.

बायांनी आधी पाटी हातोहात फिरवली. एकीने ती हुंगली. एक म्हणाली, ओल्या हातांनी धरलं तरी पान चिकटणार नाही, हे बरं आहे. दुसरी म्हणाली, पण यात कळी ठेवता येत नाही, पुस्तकात ठेवलेली कळी वर्षाने सापडली की किती बरं वाटतं. रंभाबाईने ती हातात घेऊन जोखली.

"एवढ्याशा पाटीत आख्खी वत्सला मावली?"

"वाचनालयभर पुस्तकं मावतात आई," शकू म्हणाली. "मावशी, मी बसते मागं. बटन अडलं तर सांगेन."

आग्नेस खांबाला टेकली. शकू तिच्या खांद्यामागे येऊन बसली, तिच्या केसांतला खोबरेल तेलाचा वास येण्याइतकी जवळ. सुया चालू झाल्या.

"विहीर खनत होते," रंभाबाईने आठवण दिली. "खडक लागलेला."

आग्नेसने पाटी उघडली. समोर तेच पान होतं. शुक्रवारी जिथे आपटलं होतं, तिथेच पाटी इमानाने थांबली होती. जुनं पुस्तक असतं तर भलतीकडे उघडलं असतं आणि चार पानं चाळायला तरी वेळ मिळाला असता. तिने तोंड उघडलं. विहीर, खडक, भिकाजीची पहार, सगळं तिच्या जिभेवर होतं. पण मागे शकूचा श्वास होता आणि डोळ्यांपुढे सहा ओळी, काळ्याभोर.

"वत्सलेचा ताप उतरला नाही," आग्नेसने वाचलं.

सुया थांबल्या.

"कसला ताप?" कुणीतरी विचारलं. "गेल्या शनिवारी तर दगडाच्या बादल्या ओढत होती."

मागून शकूचा हात पुढे आला, तिने पडद्यावर बोट टेकवलं. पान उलटलं. शकूने ते वाचलं. पुन्हा बोट टेकवलं, तेही वाचलं. पलीकडच्या गल्लीतून रिक्षा गेली. आग्नेसने पाटी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या मुलीसारखी ती मान खाली घालून बसली होती.

शकूने हलकेच पाटीचं झाकण मिटवलं.

"मशीन नवीन आहे," ती सगळ्यांना म्हणाली. "भलतंच पान लागलं." मग आग्नेसच्या खांद्यावर हनुवटी टेकवल्यासारखी ती पुढे झुकली. "मावशी, विहिरीला पाणी लागलं का नाही, ते सांगा."

आग्नेसने ते ऐकलं. वाचा नव्हे, सांगा. वर्षभर या ओट्यावर तिला कुणी 'सांग' म्हटलं नव्हतं. सगळ्या 'वाच' म्हणत. ती वळली. शकूचं तोंड तिला नीट दिसलं नाही, पण कडेने तिचं कानातलं हलताना दिसलं. शकू हसत होती.

"तुला कधीपासून माहीत?" आग्नेसने हळूच विचारलं.

उत्तर रंभाबाईने दिलं, आणि हळू नव्हे.

"आमाला समद्यांना ठावं हाय. लग्नापासून." तिने दोरा दाताने तोडला. "घाटावरच्या नवरीला उंबराचं पानी कोन घालतं गं आग्नेस? ते तर आपल्याकडचं. लिवनाऱ्याला काय सपान पडलंवतं?"

बाया हसायला लागल्या. आग्नेसला वाटलं आपण रडणार. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपणही हसतोय, इतक्या मोठ्याने की मांडीवरची पाटी थरथरतेय.

"मग बोलल्या का नाय कोनी?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस," रंभाबाई म्हणाली. "आनि पुस्तकातली काय झाली?"

"मेली."

"बघ. मंग?"

आग्नेसने पाटी उचलली, पदराने पुसली आणि पाठीमागे शकूकडे दिली. "घरी ने. वाच. पन त्या नवऱ्याचं रडगानं फार हाय, सांगून ठेवते. उद्या परत आन, माझी दुसरी कादंबरी हाय त्यात, सकाळी वाचायला." मग तिने दोन्ही हात मांडीवर रिकामे ठेवले, पाठ खांबाला सरळ टेकवली आणि घसा खाकरला.

"भिकाजी म्हणाला, आता पुरे. इथे पाणी नाही. वत्सलेने त्याच्या हातातली पहार घेतली आणि स्वतः खाली उतरली."

सुया पुन्हा चालू झाल्या, पण सावकाश. वत्सलेने पदर खोचला. खडकावर घाव बसत होते, ठिणग्या उडत होत्या, वर गाव जमलं होतं आणि कुणी म्हणत होतं, बाईमाणसाच्या हाताला कुठं पाणी लागतं. आग्नेसचा आवाज पुस्तक हातात असताना कधी चढला नव्हता इतका चढला. कळ्यांचा ढीग संपत आला आणि कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. एकीने न बघताच आपला गजरा आग्नेसच्या टोपलीत टाकला, मग दुसरीने, उठायची वेळ झाली नसताना.

गल्लीच्या तोंडाशी हरेशचा टेम्पो येऊन उभा राहिला. त्याने हॉर्न वाजवला. कुणी उठलं नाही. त्याने पुन्हा वाजवला, यावेळी लांब.

रंभाबाईने मान न वळवता हात वर केला.

"थांब रे जरा," ती ओरडली. "पानी लागतंय."