काशाचं ताट

वाचनालयाच्या फाटकावर पाटी लागली होती: 'जेवणाच्या सुट्टीत विज्ञान. दर गुरुवारी दुपारी एक वाजता. सर्वांना मोफत.' गुरुशांतअप्पांनी ती दोनदा वाचली आणि आपल्या परीनं अर्थ लावला. मठात प्रवचन झालं की दासोहाचं जेवण ठरलेलं. पंगत बसते आणि ताट ज्याचं त्यानं न्यायचं. विज्ञान असो की वचन, जेवायच्या वेळेला बोलावतात म्हणजे वाढणारच की.

अन्नाला ते महाग नव्हते. बायको गुरम्मा जाऊन आठ महिने झाले होते. जुळे सोलापूरच्या फ्लॅटवर एक बाई येऊन भाकरी-भाजी झाकून ठेवून जायची. पण एकट्यानं घास गिळवत नव्हता. चार माणसांत मांडी घालून एकदा जेवावं, एवढ्यासाठी अप्पा काशाचं ताट पिशवीत घालून रिक्षात बसले.

सभागृहात जेमतेम अकरा माणसं, बहुतेक बँकेतली नि कोर्टातली. प्रत्येकानं आपला डबा मांडीवर उघडलेला, कुणी कुणाशी बोलेना. अप्पा पहिल्या रांगेत ताट घेऊन बसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. इथं पंगत नव्हती, वाढपी नव्हता. उठून जावं तर सगळ्यांच्या नजरा.

व्याख्यान द्यायला कॉलेजात शिकवणाऱ्या शाइस्ता मॅडम आल्या होत्या. विषय होता आवाज. काशाचं ताट पाहून त्या हरखल्याच. अप्पांकडून मागून घेतलं, चमचा मारला आणि म्हणाल्या, ऐकू येतंय तोवर हात वर ठेवा. सगळ्यांचे हात वर गेले, म्हणून अप्पांनीही केला. सगळ्यांनी खाली घेतले, तेव्हा त्यांनीही घेतला. मधल्या वेळात त्यांना काहीएक ऐकू आलं नव्हतं.

यंत्रांच्या दणदणाटात वर्षं काढली की बारीक आवाज आधी हरवतात, मॅडम माइकवरून सांगत होत्या, आणि माणसाला ते कळतही नाही.

अप्पांची छत्तीस वर्षं मागावर गेली होती. जुन्या घरी पुढं शेडमध्ये चार यंत्रमाग, मागं अंगण आणि स्वयंपाकघर. जेवण तयार झालं की गुरम्मा हेच ताट पळीनं वाजवायची. मागाच्या खडखडाटात देवाची हाक यायची न्हाय, पण आमच्या गुरम्माचं ताट बरोबर ऐकू येतं, हे अप्पांनी गल्लीभर मिरवलं होतं. गुरम्मा नुसती हसायची. मग आपण ऐकलं ते काय, हे कोडं घेऊन ते बसून राहिले.

दोन वाजले तशी माणसं डबे आवरून पांगली. अप्पाही निघाले. फाटकाशी पिशवी हलकी लागली म्हणून वळून बघतात, तर मॅडम सभागृहाच्या दारात उभ्या. एका हातात ताट, दुसऱ्या हातानं चमचा मारतायत. हात हलत होता, ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता.

अप्पा जागच्या जागी थिजले. शेवटच्या काही वर्षांत गुरम्मानं चुलीपाशी बसून ताट वाजवणं बंद केलं होतं. गुडघे धरलेले असताना अंगण ओलांडून यायची, शेडच्या दारात त्यांच्या समोर उभी राहायची आणि त्यांनी मान वर करेपर्यंत वाजवत राहायची. अप्पा वैतागायचे, "तितनंच वाजव की, ऐकू येतंय मला." ती "व्हय" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर. तिला माहीत होतं. त्यांचा मिरवायचा हट्ट तिनं शेवटपर्यंत जपला होता.

मॅडम पायऱ्या उतरून जवळ आल्या. "किती वाजवलं अप्पा! ऐकू आलं ना शेवटी?"

"न्हाय बाई," अप्पा म्हणाले. हे त्यांनी आजवर कुणापाशी कबूल केलं नव्हतं. "तुमी दारात दिसला."

घरी येऊन त्यांनी झाकलेली भाकरी त्या ताटात घेतली. फ्लॅटचं दार सताड उघडलं आणि दाराकडे तोंड करून ते जेवायला बसले.