दारावरचा पोलीस

माणसांचा आणि पैशांचा हिशेब चोख, म्हणून पोलीस खात्यात तिला सगळे गणितबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. खून-दरोड्यांच्या तपासासाठी नवी शोध शाखा उभी करायचं काम साहेबांनी तिच्यावर टाकलं, ते याच नावामुळे. पैसे मात्र मागितले त्याच्या निम्मेच मंजूर झाले.

"अंथरूण पाहून पाय पसरा," साहेब म्हणाले.

तिनं पाय आखडले नाहीत, दुसऱ्यांची अंथरुणं ओढली. इथून दोन हवालदार, तिथून एक गाडी. साक्षीदारांच्या दारावर बसणारे पोलीस तर तिनं झाडून सगळे उचलले. दिवसभर खुर्चीत पेंगण्यापेक्षा तपासाला लागतील, असा तिचा हिशेब. साक्षीदारांकडे ठाण्याची गस्त फिरेल, असं आदेशात घातलं आणि सही ठोकली.

शाखा सुरू झाली त्याच दुपारी लॉन्ड्रीवाल्या मावशींचा फोन आला. एका कंत्राटदाराला भर रस्त्यात भोसकलेलं या बाईंनी स्वतःच्या दुकानातून पाहिलं होतं, आणि परवा त्यांची साक्ष होती.

"मॅडम, आपला पोलीस आज आलाच नाही," मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या. "आणि समोर एक जण मघापासून उभा आहे. हलतच नाही मेला."

तिनं ठाण्याला फोन लावला.

"गस्तीला माणूस कुठून आणू मॅडम?" ठाण्याचा अधिकारी म्हणाला. "माझे दोघं तुम्हीच नेलेत."

शाखेची माणसं पहिल्याच खुनावर शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती, गाडीसकट. तिनं कपाटातलं पिस्तूल पर्समध्ये टाकलं, टॅक्सी थांबवली. कित्येक वर्षं ती टेबलामागे बसत आली होती. टॅक्सीत तिनं पर्स उघडून पिस्तुलात गोळ्या आहेत ना, ते दोनदा तपासलं.

दुकानात वाफ कोंडली होती. मावशी कपड्यांच्या गठ्ठ्याआड उकिडव्या बसल्या होत्या. ती त्यांना हात देऊन उठवते न उठवते, तोच काचेचं दार ढकलून तो आत आला. चांगला उंच, दाढी केलेला, शांत. गणितबाईनं हाताला आली ती इस्त्री उचलली आणि समोरच्या शर्टावर फिरवू लागली.

"या कोण?" त्यानं विचारलं.

"बहीण माझी. धाकटी," मावशी म्हणाल्या. आवाज कसा फुटला त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"बरं झालं. सोबत हवीच." त्यानं काउंटरवर एक कोट ठेवला. "परवापर्यंत होईल ना? का परवा कुठे बाहेर जाणार आहात?"

मावशींनी कोट जवळ ओढून घेतला. पर्स गणितबाईच्या पायापाशी होती. वाकलं तर त्याला कळणार. आणि पकडायचं तरी कशाबद्दल, कोट धुवायला दिला म्हणून?

"ताई, शर्ट जळतोय," तो म्हणाला.

तिनं दचकून इस्त्री उचलली. खाली तपकिरी डाग उमटला होता. तो हसला, सावकाश दार लावून निघून गेला. तिला त्याच्या मागे धावायला हवं होतं. पाय उचललेच नाहीत. पोलिसात आल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

"तुम्हीसुद्धा घाबरलात?" मावशींनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "चला, मागच्या दारानं निघू."

मावशींना घेऊन ती टॅक्सीत बसली, आणि तेव्हा तिला आठवलं. याच खटल्यात दुसरा साक्षीदार होता, समोरच्या इमारतीचा वॉचमन, राहायला दूरच्या वस्तीत. त्याचंही दार तिनंच रिकामं केलं होतं. ती फोन लावत राहिली. उचलला नाही. मग तिनं शाखेच्या माणसांना हातातला खून सोडून तिकडे पिटाळलं. दार सताड उघडं, शेगडीवर दूध करपून काळं झालेलं, माणसाचा पत्ता नाही, एवढंच त्यांनी कळवलं.

मावशींना तिनं आपल्या घरी नेलं. सासूबाईंनी काही न विचारता स्वतःची खाट दिली, आणि सुनेला आत बोलावून म्हणाल्या, "तू आधी बस. चपला तशाच आहेत पायात तुझ्या."

मावशींनी साक्ष दिली. अडखळत, पण पुरी दिली. चाकू चालवणारा आत गेला. चालवायला लावणारा सुटला, कारण त्याला चाकूवाल्याशी बोलताना पाहिलेला एकटा वॉचमन होता, आणि तो कोर्टात आलाच नाही. तो जिवंत असल्याचं पुढे त्याच्या भावानं सांगितलं. कुठे आहे ते सांगायला तयार नव्हता. मावशी दुकान विकून लेकीकडे राहायला गेल्या.

गणितबाई साहेबांकडे गेली. दारावरचे पोलीस परत द्या म्हणाली.

"मग शाखा लंगडी पडेल तुमची," साहेब म्हणाले. "वाढीव पैसे मिळायचे नाहीत."

"पडू दे, साहेब."

पडलीही. अर्ध्या माणसांत ती शाखा चालवते, आणि तपास रखडले की शिव्या खाते. रस्त्यानं कुणी मागून चालत आलं, की ती अजूनही बाजूला थांबते आणि आधी त्याला पुढे जाऊ देते.