पाहुण्यांसाठी रंगवलेला लॅपटॉप

सगळं मला नीट आठवतंय का, याची खात्री नाही. लॅपटॉपनं असं म्हणणं शोभत नाही. पण माझं वय झालंय, आणि माझ्या पोटात एकदा मोठी उलथापालथ झाली आहे. तरी बोलतो.

माझा जन्म कारखान्यात, शिक्षण पुण्याच्या एका महाविद्यालयात. तिथे मला म्हातारा ठरवून काढलं, तेव्हा निवृत्त प्राचार्य धर्माजी मला घोडेगावला घेऊन आले. त्यांच्या मुलीनं, स्नेहलनं, माझ्यावर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी फुकटची, हलकी प्रणाली टाकली आणि मी पुन्हा चालू लागलो. दिसायला साधा, पण कामाला बरा होतो, असं मला वाटतं. चुकत असेन.

मग स्नेहलची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत ठरली. आदल्या दिवशी धर्माजींनी माझा पडदा, म्हणजे स्क्रीन, निरखून पाहिला. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की भिंतींना रंग देणारं हे घर.

“पुण्याची मोठी माणसं बघणार. त्यास्नी ह्यो असला कळकट पडदा दाखवायचा व्हय?”

“आप्पा, चालतंय ना ते? नका हात लावू.”

“अगं, निस्तं रूप बदलायचं. दोन पदव्या काय उगाच घेतल्या का मी?”

पदव्या इतिहासाच्या होत्या. असो.

ती ड्रेसला इस्त्री करून आणायला गेली आणि इकडे रंगकाम सुरू झालं. लिनक्सवर पडदा, मेनू, खिडक्या हा सगळा संसारच नवा आणता येतो; पण तो जुन्याच्या शेजारी बसतो. सेटिंग्ज दोन झाल्या, मेनूत सगळं दुहेरी दिसू लागलं. ही गर्दी धर्माजींना खपेना. त्यांनी जुन्या संसाराला बाहेर काढायला सांगितलं. मी बिचकत विचारलं, याच्यासोबत वायफाय जोडणारा प्रोग्रामही जाईल, चालेल? विद्वान माणसानं न वाचताच ‘हो’ म्हटलं.

मी अतिशय देखणा झालो. फक्त इंटरनेट गेलं. आणि ते परत आणायला इंटरनेटच लागत होतं.

दुसऱ्या दिवशी स्नेहलनं आईचा, सरूबाईंचा, फोन तांब्याला टेकवून मुलाखत दिली. तिसऱ्या प्रश्नालाच रेंज गेली.

“आप्पा, रंग मात्र लई भारी दिलाय,” एवढंच ती म्हणाली. धर्माजी जेवले नाहीत. ती नोकरी तिला मिळाली नाही.

हल्ली मी कपाटावर असतो, अंगावर जुना टॉवेल. माझं कुणी ऐकेल असं नाही, तरी सांगतो: चालत्या यंत्राला सजवायचंच असेल, तर आधी त्याचं काम उरकू द्या. आणि ते काही विचारत असेल, तर वाचा हो.

स्नेहल आता पुण्यात स्वतःच मुलाखती घेते. मला तेव्हापासून एक शंका होती. गेल्या दिवाळीत माझ्यावरची धूळ पुसताना ती आईशी बोलली, तेव्हा खात्री झाली. मुलाखत घेणाऱ्याला उमेदवाराचा पडदा दिसतच नाही. फक्त चेहरा दिसतो.