आलेखातली शर्यत

"घाई करू नकोस गं बाई, पेपर काही पळून जात नाही," गणिताचे सर तिच्या बाकाशी थांबून पुटपुटले.

घाई तिच्या हाडातच होती, त्याला ती तरी काय करणार! व्यायामशास्त्राच्या वर्गात तिला सगळे 'हरणी' म्हणत. स्नायूंची नावं तोंडपाठ. गणितात मात्र हमखास चुकायची. पायाभूत गणिताच्या चाचणीत दोनदा आपटली होती. आज शेवटची संधी. नापास झाली तर अभ्यासक्रम सुटणार. पळणं तर शर्यतीत पडून मोडलेल्या गुडघ्याने आधीच हिरावलं होतं. हेही गेलं तर मैदानाच्या आसपास राहायला तिच्याकडे काही निमित्तच उरणार नव्हतं.

दुपारचं ऊन बाकावर सांडलं होतं. शेवटचा प्रश्न आलेखाचा. शंभर मीटरची धावपटू. चार सेकंदांत वेग शून्यावरून आठ मीटर प्रतिसेकंद, पुढची आठ सेकंदं तोच, मग एका सेकंदात पुन्हा शून्य. किती अंतर कापलं? खाली बारीक टीप होती: आपल्याच मैदानावरची खरी शर्यत.

बघता बघता बाक, पंखा, सर सगळं विरघळलं. पायाखाली लाल माती आली, कानांत वारा भरला. अशी धाडकन कोसळणारी रेषा दुसऱ्या कुणाची असणार?

"सर, ही कुणाची शर्यत?"

"काय माहीत. मैदानावरच्या वेग मोजायच्या यंत्राने नुसते आकडे दिलेत. का गं?"

"काही नाही."

तिने आठ गुणिले तेरा केलं. एकशे चार! अगं, पोहोचली की! आई येईल-जाईल त्याला सांगायची, "पोर शेवटच्या रेषेपासून दोन पावलांवर पडली हो!" आणि तिलाही आता तसंच आठवायचं. तिचे डोळे भरून आले.

पण पहिल्या पावलापासून कुणी आठच्या वेगाने पळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आधीच्या दोन्ही चाचण्यांत ती इथेच चुकली होती. तिने सावकाश आलेखाच्या रेषेखालचे दोन टोकांचे त्रिकोण आणि मधला आयत वेगळे केले, एकेकाचं क्षेत्रफळ काढलं. सोळा, चौसष्ट, चार.

चौऱ्याऐंशी.

म्हणजे सोळा मीटर राहिले होते. दोन पावलं नव्हतीच कधी. तिला फार वाईट वाटलं, पडली त्या दिवशीपेक्षाही. तरी एकशे चारवर तिने सरळ रेघ मारली, खाली चौऱ्याऐंशी लिहिलं आणि बाकाला धरून उठली.

"वेळ आहे अजून. एकदा तपासून घे," सर म्हणाले.

"बरोबर आहे, सर," ती म्हणाली, आणि पेपर त्यांच्या हातात दिला.