कुस्करायची रीत

बाजरीच्या भाकरीत हर्षालीचा हात धरेल अशी पोरगी अख्ख्या लोणी गावात नव्हती, आणि ते तिला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. सत्त्याण्णव साली लग्न होऊन तळेघरला आली ती त्याच तोऱ्यात. पण तळेघर पडलं डोंगरात. तिथं बाजरी कुठली? भात नाहीतर नाचणी!

लग्नाची गडबड सरली आणि आत्यासासू बायडाबाई नव्या सुनेच्या हातचं जेवायला म्हणून मागं थांबली. बायडाबाई याच घरची लेक, सासऱ्यांची थोरली बहीण, आणि जिभेला हाड म्हणून नाही. "ही सपाटीवरची पोरगी डोंगरात टिकायची न्हाई," असं तिनं हळदीच्या आधीच जाहीर केलेलं. आज भाकरी बिघडली तर आपण पहिल्याच पंगतीत सगळ्यांच्या मनातून उतरणार, हे हर्षाली पुरतं ओळखून होती.

तिनं नाचणीचं पीठ घेतलं आणि बाजरीसारखं गार पाण्यात मळलं. थापायला गेली तर कडा फाटल्या. उचलायला गेली तर तुकडे हातात. दुसरीची तीच गत, तिसरीची तीच. "मेलं हे पीठ हाय का माती!" म्हणत तिनं पदरानं डोळे पुसले. बाहेर ताटं मांडून झाली होती.

सासू सारजाबाई चुलीपाशी आली. तिनं तुकड्यांकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. मग सगळे तुकडे परातीत घेऊन बारीक कुस्करले, वर गूळ आणि ऊन दूध घातलं, आणि परात घेऊन सरळ बाहेर गेली.

"आमच्यात नव्या सुनंच्या हातची पयली भाकर कुस्करूनच वाढत्यात. रीतच हाय."

बायडाबाईचा हात ताटावरच थांबला. तिनं भावजयीकडं डोळे वटारले. आतून बघणाऱ्या हर्षालीचा जीव टांगणीला लागला. पण म्हातारीनं घास घेतला आणि म्हणाली, "व्हय की. तुझीबी आमच्या आयनं कुस्करली व्हती न्हवं, सारजे?"

काय बाई देवासारखी रीत, असं हर्षालीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सारजाबाईनं तिला शेजारी बसवून घेतलं. "बाजरीला गार पाणी चालतं, बाय. नाचणीला उकळतंच लागतं. पीठ वाईच झाकून ठिवायचं आन् गरम हाय तवर मळायचं." हात पोळले, भाकरी फाटल्या, पण सासू एका शब्दानं लागेल असं बोलली नाही. हळूहळू भाकर टम्म फुगायला लागली. नाचणीच्या मागोमाग डोंगरातल्या रानभाज्या आल्या, भात आला. लोणीला गेली की हर्षाली आईला सांगायची, "तू मला भाकर शिकवलीस, पर सासूनं मला घर दिलं."

बरीच वर्षं गेली. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून लोक टेकाडावर चढायला लागले, तेव्हा धाकट्या दिराचं, अमृतचं लग्न झालं. जाऊ आली सपाटीवरच्याच निरगुडसरची, वृषाली. आपली फजिती आठवून हर्षालीनं तिला नाचणी आधीच शिकवून ठेवली होती, त्यामुळं पहिलीच भाकर तव्यावर फुग्यासारखी फुगली. पंगतीत बायडाबाई होतीच. हर्षालीनं ती भाकर परातीत घेतली आणि भराभर कुस्करली.

"अगं अगं, काय करतीस!" सारजाबाई ओरडली. "चांगल्या भाकरीचा चुरा का?"

"आई, आपली रीत न्हाई का? नव्या सुनंची पयली भाकर..."

सारजाबाईनं मान खाली घातली. बायडाबाई मात्र हसत सुटली, हसता हसता तिला ठसका लागला. "कसली रीत आन् कसलं काय! तुझ्या भाकरीची झाली व्हती खापरं. हिनं ताटाआडनं माझा पाय असा दाबला म्हणतीस, मीबी मग रेटून खोटं बोलले."

हर्षालीनं हातातला चुरा परातीत सोडला. इतकी वर्षं या दोघींनी हे ओठाबाहेर काढलं नव्हतं. आणि जिला ती अजून मनातून घाबरायची, तिनंही! तिला रडूच कोसळलं. "आई, आत्या, तुमचं हे मी कुठं फेडू?"

"फेडतीस काय, येडे," सारजाबाई ओशाळून म्हणाली. "खोटी रीत व्हती ती. दे त्या पोरीला दुसरी भाकर करू."

हर्षालीनं परात जवळ ओढली आणि त्या चुऱ्यावर गूळ किसला.

"खोटी व्हती," ती म्हणाली, "आजपासनं खरी."

बायडाबाईनं सगळ्यांच्या आधी आपलं ताट पुढं केलं.